नवनाथ, तुझ्या ओळीला मी हात लावला

आमच्या घराला दार नव्हतं, हे तुला मी कधी सांगितलं होतं का? बहुतेक नाही. राजुरीच्या पुढे, दुसऱ्याच्या उसाला लागून पत्र्याची एक खोली, आणि दाराच्या जागी खताच्या गोण्या उसवून शिवलेला पडदा. वडील मंचरच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलायचे. ते परत येईपर्यंत आई उंबऱ्यावर आडवी व्हायची, उशाशी विळा घेऊन. का, ते आम्ही भावंडांनी कधी विचारलं नाही. उसात काय राहतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आई त्याचं नाव घेत नसे. 'तो आलाय, गप पडा,' एवढंच म्हणायची. तिच्या पाठीमागे बसून मी पुस्तकं वाचली. आमच्या घराण्यात पदवीचा पहिला कागद माझा, आणि तो घरात आला तेव्हाही त्या घराला दार बसलेलं नव्हतं. हे मी कमीपणा म्हणून लिहीत नाही. मला त्याचा अभिमान आहे.

आज सांगायचं कारण असं, की तुला जाऊन दोन महिने होत आले आणि तुला दिलेला शब्द मी मोडलाय. तो का मोडला हे तुला कळायला हवं असेल, तर त्या पडद्यापासूनच सुरुवात करावी लागते.

कॉलेजात तू मागच्या बाकावर बसायचास आणि मी पुढच्या. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या सरांनी 'फंक्शनल इंटरफेस' फळ्यावर लिहिलं, व्याख्या सांगितली आणि पुढे गेले. इंटरफेस म्हणजे करार, हे मला समजलं होतं. पण एकच काम असलेला करार, आणि त्या करारासाठी बिनानावाची लॅम्डा, हे काही केल्या डोक्यात शिरेना. मी प्रत्येक बारीकसारीक कामाला स्वतंत्र क्लास लिहायचे, त्याला नाव द्यायचे, फाइल करायचे. तू माझ्या वहीत डोकावून हसलास. म्हणालास, बाजाराला निघालेल्या माणसाला आपण म्हणतो, येताना मीठ आण. झालं काम. तू काय करतेस, तर मीठ आणायला दूध सोसायटी काढतेस. चेअरमन, सचिव, शिक्का, ठराव. आणि मग मीठ.

मी म्हणाले, सोसायटीचं रजिस्टर असतं. उद्या मीठ आलं नाही तर कुणाला धरायचं ते मला माहीत असतं. तुझ्या मीठवाल्याला मी कुठल्या नावानं शोधू?

हे आपलं भांडण. तीन वर्षं चाललं आणि मिटलं नाही. मंचरच्या ऑफिसात माझी मुलाखत झाली तेव्हा समोरच्या बाईंनी नेमकं हेच विचारलं, आणि मी तुझं मीठच सांगितलं. एकच काम सांगणारा करार म्हणजे फंक्शनल इंटरफेस. ते काम जागच्या जागी, नाव न देता लिहून दुसऱ्याच्या हातात दिलं की लॅम्डा. आणि ज्याच्या हातात दिलं तो वेळ आली की ते करतो, तेव्हा देणारा तिथे असो वा नसो. बाई हसल्या. नोकरी लागली. हे मीठ तुझं होतं, असं मी तुला सांगितलं नाही. तू फुशारकी मारली असतीस.

तू मात्र नोकरीच्या नादी लागला नाहीस. घरी एक जुना कॉम्प्युटर, ओढ्याकाठी आणि बांधांवर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या पेट्या, आणि त्या सगळ्यावर तुझा प्रोग्रॅम. पेटीला बिबट्या दिसला की वस्तीवरच्या प्रत्येक फोनवर कॉल. त्या कॉलसाठी तू जो इंटरफेस लिहिलास त्याचं नाव ठेवलंस 'हाक'. त्यात एकच काम: 'मार'. दुसरं काम घालायला गेलं तर कोड तपासणारा कंपायलरच अडवील, अशी खूण त्याच्या डोक्यावर लावून ठेवलीस. पहिल्या आठवड्यात गवताचा भारा घेतलेली तुझी चुलती पेटीला बिबट्या वाटली आणि साऱ्या वस्तीनं दारं लावून घेतली. तुझे चुलते, तात्या, कित्येक दिवस लोकांना सांगत होते, की आमच्या नवनाथनं माझ्या बायकोला चार पाय लावले. मग तू महिनाभर पेट्यांशी झगडलास आणि पुढे ती चूक क्वचितच झाली.

हाकेला आवाज तुझाच होता. 'राम राम, मी नवनाथ बोलतोय. बिबट्या दिसलाय. पोरं आन् शेळ्या आत घ्या. फोन नंतर ठेवा, आधी आत चला.' शेवटच्या वाक्याला तू हसू दाबलंयस ते ऐकणाऱ्याला कळतं. अशी हाक माझ्या लहानपणी असती तर आईची पाठ त्या उंबऱ्यावरून कधीतरी उठली असती. हेही मी तुला सांगितलं नाही.

आपलं शेवटचं बोलणंही भांडणच. मी म्हणाले होते, तुझ्या त्या एका ओळीला, जिथे हाक प्रत्यक्षात मारली जाते, तिला नाव देत नाहीस तोवर मी तुझा कोड बघायला येणार नाही. तू मेसेज टाकलास: 'मग तूच सुचव ना नाव.' मी वाचला आणि उत्तर दिलं नाही. म्हटलं, रविवारी जाऊन तोंडावर सांगू. शनिवारी ओढ्याकाठच्या पेटीची बॅटरी बदलताना तुला घोणस चावली. बिबट्यासाठी त्या काठावर इतके दिवस वाकून बसलास, आणि पायाशी काय आहे ते तू पाहिलं नाहीस.

सावडून आलो त्या दिवसाचं तुला सांगते. दिवस कलला होता. अंगणात सगळी माणसं बसलेली. एकदम तात्यांच्या खिशातला फोन वाजला. मग शेजारच्याचा. मग बायकांच्या घोळक्यातले दोन-तीन. बघता बघता अंगणातले सगळे फोन वाजायला लागले, आणि सवयीनं ज्यांनी ते उचलले, त्यांच्या हातातून तू बोललास. पुढे-मागे, एकमेकांत मिसळून, पंधरा-वीस नवनाथ. राम राम, मी नवनाथ बोलतोय. एका बाईनं फोन मातीत टाकला. तो मातीतूनही बोलत राहिला.

तुझ्या आईनं, मी मावशी म्हणते त्यांनी, फोन कानाला लावला आणि तुझं वाक्य संपेल तिथे तिथे त्या 'हं' म्हणत गेल्या. 'हं... बरं... हं.' शेवटी 'आलेच' म्हणाल्या आणि उठून शेळ्या आत बांधल्या. लॅम्डा म्हणजे नंतर करायचं काम, देणारा तिथे असो वा नसो, हे मीच मुलाखतीत तोंड वर करून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून, तू कधीतरी दिलेल्या पासवर्डनं, तुझ्या कॉम्प्युटरची नोंद उघडून पाहिली. कॉल नक्की कुठून निघाला, कुणी मारली हाक? जिथे करणाऱ्याचं नाव असतं तिथे जावानं लिहिलं होतं: लॅम्डा, आणि पुढे शून्य. बस. कुणीच नाही, क्रमांक शून्य. मी तुला हेच सांगत होते. दिवसाढवळ्या, शेजारी माणसं काम करत असताना, मी ती खिडकी बंद केली.

मग दहावा. नदीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून होते ते, पाच-सहा, पण एकही खाली उतरेना. ऊन चढायला लागलं. तात्या हात जोडून म्हणाले, आईला अंतर देणार नाही. न्हाई. मामा म्हणाले, शेळ्या विकणार नाही. न्हाई. भटजी घड्याळ बघायला लागले. कुणीतरी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालं, ह्या मॅडमबरोबर त्याचं सारखं वाजायचं, त्यांना इचारा. मला पुढे ढकललं. मी शिकलेली बाई. कावळ्याला भूक असली की तो येतो, हे मला माहीत आहे. तरी मी हात जोडले. तुझी हाक बंद पडू देणार नाही, म्हणाले. एक कावळा मान तिरकी करून बघत राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं: तू लिहिलंस त्यातला एक शब्दही मी बदलणार नाही.

तो उतरला. सरळ पिंडावर.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. आपल्या तीन वर्षांच्या भांडणात तू असा जिंकलास, उत्तर द्यायला मला समोर माणूसही न ठेवता.

पुढे ऊसतोड सुरू झाली. तुमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला तोडणी मजुरांची टोळी उतरली, उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या. तुला ठाऊक आहेत त्या कोप्या: वाकून आत जायचं आणि पुढे फडकं लावायचं. ऊस तुटायला लागला की त्यातला बिबट्या बाहेर पडतो, आणि नेमकी तीच माणसं उघड्यावर असतात. तात्यांनी टोळीतल्या एका बाईला, कविताला, दूध डेअरीवर नेऊन तिचा नंबर तिथल्या कॉम्प्युटरवर लिहवून घेतला. डेअरीत लिहिलेला नंबर तुझ्या यादीत जातो, हे सगळ्या वस्तीला पाठ आहे.

चार दिवसांनी मावशींचा मला ऑफिसात फोन आला, ये म्हणून. आदल्या दिवशी कलत्या उन्हात हाक आली होती. वस्तीवरचे सगळे फोन वाजले. कविताचा वाजला नाही. कोपीच्या दाराशी शेळी बांधलेली होती आणि शेळीपासून हातभर अंतरावर तिची धाकटी पोर फडक्यावर निजलेली. त्यानं शेळी नेली. पोर झोपेतून उठलीसुद्धा नाही.

मी टोळीवर गेले. कविता माझ्यावर चिडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. ती म्हणाली, 'ताई, आमचा नंबर लिव्हला तवा डेरीवरच्या सायबानं मान डोलावली व्हती. मला वाटलं, झालं. म्या पोरीला भाईर निजवली. फोन वाजला नाय म्हंजी तो नाय, आसं धरून चालले.' तिच्या मागे, सुकायला टाकलेल्या लुगड्याखाली, ती पोर पाचटाची काडी चघळत बसली होती.

तुझी हाक नसती तर तिनं पोरीला बाहेर निजवलं नसतं, नवनाथ. हे मी तुझ्यावर घालत नाही. पण खरं आहे.

दुपारी तुझ्या खोलीत बसले. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. तुझी चप्पल टेबलाखाली तशीच, एक उलटी. मावशी उंबऱ्यात पावटा सोलत होत्या. मी तुझी फाइल पहिल्यांदाच पूर्ण वाचली. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. प्रोग्रॅम सुरू होताना तू डेअरीची यादी एकदा वाचतोस, आणि पुढच्या ओळीत, जिथे लॅम्डाची खूण असलेला बाण आहे त्या ओळीत, ती यादी लॅम्डाच्या हाती देतोस. लॅम्डा ती धरून ठेवते. डेअरीवर नंतर कोण आलं, कोण गेलं, तिला पत्ता नाही. तिच्यासाठी जग त्या सकाळचंच. तू होतास तेव्हाच्या एका सकाळचं.

मग तू असताना नवे नंबर चालायचे कसे? मावशींना विचारलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, 'दर ऐतवारी अंघोळीच्या आधी तो त्या डब्याला निजवायचा आन् परत उठवायचा.' एवढंच. बंद-चालू. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते तुझ्याबरोबर गेलं.

मी शब्द पाळायचा प्रयत्न केला, हे तुझ्या कानावर असू दे. चालू प्रोग्रॅमला हात न लावता फाइलची नक्कल केली, आणि तीत तुझी ओळ तशीच ठेवून मी खाली माझी एक ओळ जोडली: यादी दर थोड्या वेळानं पुन्हा वाच. कंपायलरनं एरर दिली. माझ्या ओळीवर नाही, तुझ्या ओळीवर. लॅम्डानं यादीचं जे नाव उचललंय त्यात पुन्हा दुसरं काही भरता येत नाही, ते थिजलेलंच असलं पाहिजे. हा जावाचा नियम आहे, मी तो नव्या पोरांना रोज समजावते. पण त्या खोलीत, तुझ्या चपलेवर माझा पाय टेकलेला असताना, तुझ्या ओळीखाली उमटलेली ती लाल रेघ मला नियमासारखी वाटली नाही. मग यादी तीच ठेवून आतले नंबर बदलायला गेले. तर यादीही तू न बदलणारी करून ठेवलेली. नकलेतला प्रोग्रॅम तिथेच बंद पडला. तू एकही फट ठेवली नव्हतीस.

एक वाट उरली होती. तुझ्यासारखं बंद-चालू करत राहायचं. शब्दही राहिला असता. रोज आपोआप व्हावं अशी सोयही मला लावता आली असती. पण टोळी सकाळी उतरते आणि संध्याकाळी बिबट्या येतो. तो नंबर उद्यापर्यंत मुका ठेवून कसं चालेल? आणि तू गेलास तसं मलाही जाता येतं. मग परत कुणीतरी टोळीवर जाऊन उभं राहणार.

एवढ्यात मावशींचा फोन वाजला. मधल्या बांधाच्या पेटीला काहीतरी दिसलं होतं. त्यांनी तो कानाला लावला. तुझा आवाज खोलीत शिरला, माझ्या डाव्या कानाशी. 'हं,' त्या म्हणाल्या. 'बरं.' मी स्क्रीनवर पाहत होते. नोंदीत ओळ उमटली: लॅम्डा, शून्य. हाक गेलेल्या नंबरांत टोळीतला एकही नव्हता.

फोन ठेवल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. शब्दाचं, कावळ्याचं, त्या पोरीचं. म्हटलं, मावशी, ह्यातला एक शब्द बदलावाच लागेल, आणि मी नाही म्हणून बसलेय. त्यांनी पावट्याची शेंग दाबली, दाणे परातीत पाडले.

'तो जिता असताना तू त्याचं कधी ऐकलंस?'

मी म्हणाले, कधीच नाही.

'मंग आताच कशापायी ऐकतीस?'

त्यांनी विचारलं, आवाज जाणार का? मी म्हटलं, आवाज त्याचाच राहील, फक्त दहा मिनिटं सगळं बंद ठेवावं लागेल. त्या उठल्या, पदर खोचला आणि बाहेर गेल्या. मी प्रोग्रॅम थांबवला. घरघर तीच होती, तरी खोली एकदम रिकामी वाटली, कुणीतरी उठून गेल्यासारखी. बाहेरून मावशींचा आवाज येत होता. अंगणाच्या कडेला उभ्या राहून त्या ओढ्याच्या दिशेनं, टोळीच्या दिशेनं, हाळी देत होत्या: पोरं जवळ ठेवा गं, मशिन बंद हाय. थांबून पुन्हा. तेवढी दहा मिनिटं वस्तीची हाक त्या होत्या.

मी काय केलं ते ऐक. तुझ्या 'हाक'शेजारी दुसरा एक इंटरफेस लिहिला. त्यातही एकच काम: काही न मागता, विचारलं की आत्ताची यादी दे. तुझ्या ओळीत जिथे थिजलेली यादी होती, तिथे हे ठेवलं. आता हाक मारायच्या क्षणी डेअरीचं पान उघडलं जातं, आधी नाही. आणि त्या एकाच कामासाठी मी क्लास काढला नाही, फाइल केली नाही. रिकामा कंस, बाण, आणि पुढे काम. तुझ्या घरात बसून मी बिनानावाची लॅम्डा लिहिली. बोटं जरा थांबली, नाही असं नाही. सोसायटी नाही काढली. मीठ आण म्हणाले.

तुझ्या ओळीतला एकच शब्द बदलला. तिला नाव दिलं नाही. तुझ्या मेसेजचं उत्तर अजून माझ्याकडे आहे, मी सुचवणार होते ते नाव. ते कोडमध्ये लिहावं असं फार वाटलं आणि लिहिलं नाही.

प्रोग्रॅम चालू केला तेव्हा मी कान देऊन बसले होते. कशाची वाट पाहत होते, मला सांगता येणार नाही. पत्र्यावर काहीतरी चाललं, नखांचा बारीक आवाज, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कावळा असेल. मी बाहेर जाऊन पाहिलं नाही. तू रागावलास का, हे मला कळलेलं नाही, आणि ते कळेल अशी जागाही आता नाही. मेल्या माणसाला दिलेला शब्द मी मोडला, आणि तसाच प्रसंग आला तर परत मोडीन.

पाचव्या दिवशी कविताचा मला फोन आला. दिवस मावळताना एका माणसाचा कॉल आला होता, म्हणाली. ओरडला नाही, पण बोलण्यात धाक होता, आणि शेवटी हसल्यासारखं वाटलं. तिनं विचारलं, 'कोन वो त्यो दादा? लई जवळून बोलत व्हता. हितंच कोपीमागं उभा असल्यावानी.'

मी म्हणाले, आमचा नवनाथ आहे तो. 'आहे' म्हणाले.

बिबट्या टोळीच्या अंगानं गेला. सकाळी कोप्यांच्या भोवती त्याचे ठसे होते. कविताच्या दोन्ही पोरी आत होत्या. टोळीतल्या सगळ्यांचे नंबर आता यादीत आहेत; डेअरीवर लिहिलेला नंबर पुढच्याच हाकेला वाजतो, आणि त्यासाठी कुणालाही काही बंद-चालू करावं लागत नाही.